संगणकाचं झाकण उघडताना

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला तो 'स्त्रिया आणि तंत्रज्ञान'. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. गेल्या वर्षी मी एका स्पर्धेत भाग घेतला होता, त्याबद्दलच बोलणार आहे. स्पर्धा लेखनाची होती, पण विषय होता संगणकाचे सुटे भाग. ते कसे निवडले, कसे जोडले, बिघाड कसा शोधला, याचा स्वतःचा अनुभव लिहायचा. सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीने ती ठेवली होती. पहिलं बक्षीस पूर्ण नवा संगणक. तुम्ही हसताय. आमच्या केंद्रातही सगळ्या हसल्या होत्या. जाहिरातीवर कानाला मोठाले हेडफोन लावलेला, खेळात गुंगलेला एक मुलगा होता. त्याच्या जागी मला बसवून बघा!

मी भाग घेतला तो निव्वळ बक्षिसासाठी, हे आधीच कबूल करते. आमच्या समुपदेशन केंद्राचा संगणक दहा वर्षांचा जुना आहे आणि देणगीदारांना संगणकासाठी पैसे मागितले की ते म्हणतात, प्रशिक्षणासाठी मागा, वस्तूसाठी नको. पण संगणकाच्या पोटात हात घालण्याची वेळ माझ्यावर आली ती स्पर्धेच्या बरीच आधी. ते आधी सांगायला हवं.

एकदा आमचा संगणक बंद पडला. पंखा फिरायचा, दिवा लागायचा, पडद्यावर काही नाही. मी तो डबा ओळखीच्या मुलाच्या मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून दुरुस्तीच्या दुकानात पाठवून दिला. तीन दिवसांनी तो नीट होऊन आला. पैसेही फार घेतले नाहीत. दुकानातल्या मुलाने 'सगळा डेटा आहे का बघून घेतला' असंही आवर्जून सांगितलं. मी त्याचे आभार मानले.

त्यानंतर आठ दिवसांनी आमच्याकडे येणारी एक बाई रात्री साडेदहाला धाकट्या मुलीला कडेवर घेऊन माझ्या दारात उभी राहिली. ओठ फाटलेला. ती २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करायच्या तयारीत होती. घरी कुणाला माहीत नव्हतं. कागद जमवायचे, मोठ्या मुलाची सहामाही परीक्षा होऊ द्यायची, मग दोन्ही मुलांना घेऊन भावाकडे जायचं आणि अर्ज टाकायचा, असं आम्ही दोघींनी बसून ठरवलं होतं. दुकानातल्या मुलाने 'डेटा बघताना' तिच्या आडनावाची फाइल पाहिली. तो तिच्याच आळीतला. त्याने आईला सांगितलं, आईने तिच्या सासूला. पुढचं मी सांगायला नको. ती निघाली तेव्हा मोठा मुलगा घरातच राहिला. तो तिला परत मिळेपर्यंत सात महिने गेले.

त्या मुलावर मी खूप चिडले. नंतर कळलं की त्याने काही मुद्दाम केलेलं नव्हतं. फाइलला आडनाव आणि गाव मी दिलं होतं. एम.एस.डब्ल्यू.ला आम्हाला गोपनीयतेवर अख्खं प्रकरण होतं. लोखंडी कपाटाला कुलूप हवं, केसचे कागद टेबलावर पडू देऊ नयेत, बाई बोलत असताना दार लावलेलं असावं. हे सगळं मी पाळते. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये होती, आणि कपाटातलं सगळं मी मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून पाठवलं होतं.

तेव्हा ठरवलं, यापुढे हा डबा दुसऱ्या कुणी उघडायचा नाही. ठरवणं सोपं होतं. स्क्रू काढून कडेचा पत्रा सरकवला आणि मी पाहतच राहिले. धूळ, वायरी, हिरवी पाटी. ज्या डब्याला आपण सगळ्या 'सीपीयू' म्हणतो तो सीपीयू नसतोच. सीपीयू म्हणजे आत पंख्याखाली दडलेली काड्यापेटीएवढी चिप. हे मला वयाच्या तिशीनंतर कळलं. हात लावायची भीती वाटत होती. बिघडलं तर?

आमच्या केंद्रात दुपारचं जेवण करायला एक मावशी येतात. वय साठीच्या आसपास. त्या कणीक मळायचं सोडून, हात धुऊन, पदराला पुसत आल्या. म्हणाल्या, "पोरी, वायर काढली का आधी? आता त्या पत्र्याला हात लाव. अंगातली वीज त्यात जाऊ दे, मग पाटीला शिव." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मावशी लग्नाआधी मुंबईला सीप्झमध्ये कामाला होत्या. सीप्झ म्हणजे सांताक्रूझच्या नावाचं, पण असलेलं अंधेरी पूर्वेला. निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवायला १९७३ साली सुरू झालेलं क्षेत्र. मावशी १९८० नंतरची काही वर्षं तिथे भिंगाखाली सोल्डरिंग करत होत्या. आठ वर्षं त्या आमच्याकडे पोळ्या लाटताहेत आणि आम्ही, स्त्रियांच्या श्रमावर शिबिरं घेणाऱ्या आम्ही, त्यांना कधी विचारलं नव्हतं की तुम्ही आधी काय करत होतात.

मावशींच्या बोलण्यातून आम्हाला जे कळलं ते कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नसतं. हॉलभर मुली, सगळ्या अविवाहित. सोल्डरच्या तारेत कथलाबरोबर शिसंही असायचं, आणि राळेचा धूर थेट नाकात. संध्याकाळी डोळ्यांना धारा. लग्न ठरलं की नोकरी सुटायची, बहुतेकींची तर सोडवलीच जायची. "साहेब म्हणायचे, बायकांची बोटं नाजूक असतात, हे काम त्यांनाच जमतं. मग पगार का नाजूक, ते कधी सांगितलं नाही." हे मावशींचे शब्द.

याच प्रश्नाचं उत्तर डायन एल्सन आणि रूथ पिअर्सन या दोघींनी १९८१ साली एका लेखात दिलं होतं. चपळ बोटं घेऊन मुली जन्माला येत नाहीत. शिवणटिपण, भरतकाम घरी करून करून ती तयार होतात. पण ते शिक्षण घरात, आईकडून झालेलं, त्याचं प्रमाणपत्र नाही. म्हणून कारखाना त्याला कौशल्य मानत नाही, आणि कौशल्य नाही म्हणून पगार कमी. मी हा लेख कॉलेजात परीक्षेपुरता वाचला होता. पंधरा वर्षांनी तो मला मावशींच्या हातात दिसला.

मावशींनी रॅमची पट्टी खालीवर बघितली. तिच्या सोनेरी दातांवर काळपट थर होता. म्हणाल्या, "खोडरबर आण." माझ्या पुतणीच्या कंपासपेटीतल्या खोडरबरने त्यांनी ते दात हलकेच घासले, पट्टी परत बसवली, दोन्ही बाजूंनी टक्क आवाज येईपर्यंत दाबली. पुढच्या वेळी पडदा गेला तेव्हा हेच मी स्वतः केलं आणि पडदा उजळला. खर्च शून्य. सांगते हे अशासाठी की यातलं काही अवघड नाही, फक्त आपल्याला कुणी हात लावू दिलेला नसतो.

तर स्पर्धा. लिहायला बसले तेव्हा साहजिकच त्या रात्रीपासून सुरुवात केली. दारातली बाई, कडेवरची मुलगी, दुकानातला मुलगा. नाव, गाव बदललं होतं. लेख असा उतरला की मीच हरखून गेले. केंद्रात वाचून दाखवला, दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. एक म्हणाली, बक्षीस आपलंच. पाठवायला दोन दिवस होते तेव्हा मला वाटलं, तिला एकदा दाखवावा. खरं सांगते, परवानगी मागावी म्हणून नव्हे. तिला बरं वाटेल म्हणून.

ती आता भावाच्या गावी शिवणकाम करते. तिने लेख शांतपणे ऐकला. मग म्हणाली, "ताई, त्या पोरानं माझी गोष्ट फुकट सांगितली. तुम्ही संगणकासाठी सांगताय. मला कुणीच विचारलं नाही."

मी काय उत्तर देणार? नाव बदललंय, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. आळी ओळखते, सासर ओळखतं, आणि मुख्य म्हणजे ती स्वतःला ओळखते. आपण अहवालात, देणगीदारांपुढे, व्यासपीठावर किती सहज म्हणतो, 'आमच्याकडे एक केस आली होती'. त्या केसला आपण विचारतो का? पहिल्या भेटीत फॉर्मवर सही घेतो, हे मला माहीत आहे. पण तेव्हा तिला आसरा हवा असतो. ती कशावरही सही करेल.

आज मी हे तुम्हाला सांगतेय ते तिला विचारून. कोणते तपशील बदलायचे ते तिनेच ठरवलं. ती म्हणाली, "बायकांच्या सभेत सांगा, त्यांना उपयोग होईल. दुकानदारांच्या स्पर्धेत नको."

तो लेख फाडला. दोन रात्रींत दुसरा लिहिला, मावशींवर. अर्थात त्यांना आधी विचारून. त्यासाठी थोडं वाचलं. अपोलो यानाच्या संगणकाची स्मृती अमेरिकेत बायकांनी हाताने विणली होती, हे मला तेव्हा कळलं. बारीक कड्यांतून तार आत घातली तर एक, बाहेरून नेली तर शून्य. एक टाका चुकला तरी हिशोब चुकला. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या पुरुषांची नावं आपल्याला पाठ आहेत. दक्षिण कोरियातल्या ह्वांग यू-मी हिच्याबद्दलही वाचलं. सॅमसंगच्या चिपच्या कारखान्यात काम करणारी ही मुलगी २००७ साली, बावीसाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. टॅक्सी चालवणारे तिचे वडील अकरा वर्षं लढले, तेव्हा कुठे २०१८ मध्ये कंपनीने जाहीर माफी मागितली. आणि लांब कशाला, तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला फोन जोडणाऱ्या बायकांनी २०२१ च्या डिसेंबरात वसतिगृहातल्या अन्नाने विषबाधा झाली म्हणून महामार्ग अडवला होता. तिथे लग्न झालेल्या बायकांना कामावर घेणं टाळतात, अशी बातमी २०२४ मध्ये रॉयटर्सने दिली. कंपनीने ते नाकारलं. मावशींना ही बातमी वाचून दाखवली तर म्हणाल्या, "अजून तेच?"

निकालाआधी आयोजकांकडून फोन आला. "मॅडम, लेख चांगला आहे, पण तो हार्डवेअरचा नाही." मी म्हटलं, हार्डवेअर आपोआप जुळत नाही, कुणाच्या तरी हातांनी जुळतं, त्याबद्दलच आहे. ते म्हणाले, परीक्षकांना वेग, क्षमता, किंमत अशी तुलना हवी होती. परीक्षकांच्या जागी मी असते तर कदाचित मीही तेच म्हटलं असतं. त्यांचा नियम स्पष्ट होता. पण मग त्यांनी 'महिला गटातलं उत्तेजनार्थ' बक्षीस देऊ केलं, एक कीबोर्ड आणि माउस. महिला गट असा काही जाहीर झालेलाच नव्हता. या गटात किती जणी होत्या विचारलं तर म्हणाले, तुम्हीच.

घ्यायचं की नाही यावर आमच्या बैठकीत दीड तास वाद झाला. काही जणी म्हणाल्या, ही भीक आहे, परत पाठवा. मलाही तसंच वाटत होतं. मावशी पोळ्या लाटता लाटता आतून ओरडल्या, "तुमच्या जुन्याचं मधलं बटण दबत नाही, सगळे शब्द चिकटून येतात. घ्या आणि त्यांना पत्र लिहा की पुढच्या वर्षी असा गट आधी जाहीर करा, नाहीतर करूच नका." तसं केलं. पत्राला उत्तर आलेलं नाही. कीबोर्ड उत्तम चालतो.

नवा संगणक मिळाला नाही. जुन्याच्या सवयी मात्र बदलल्या. फाइलला आता आकडा असतो, आणि कोणता आकडा कुणाचा ते वहीत, वही कपाटात. फाइल नुसती पुसून टाकली म्हणजे गेली असं नसतं. तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जाणकार माणूस ती परत काढू शकतो. म्हणून केसच्या सगळ्या नोंदी आम्ही सांकेतिक कुलूप घालून ठेवतो; त्यासाठीची मोफत सोय मिळते, ती कशी बसवायची ते मी कुणालाही दाखवीन. आणि दुरुस्तीला द्यायची वेळ आलीच तर हार्ड डिस्क काढून घेऊन डबा देतो. बहुतेक बिघाड डिस्कशिवायही तपासता येतात. दुकानदार कुरकुर करतो. करू दे.

हार्ड डिस्क काढायला चार स्क्रू आणि दोन वायरी. आमच्या तालुक्यातल्या अकरा जणी आता ते करू शकतात. चहानंतर मागच्या खोलीत मावशी एक जुना डबा उघडून दाखवणार आहेत. त्यांनी सांगितलंय की बघायला गर्दी करू नका, एकेकीने येऊन हात लावा. काढलेले स्क्रू ठेवायला डब्याचं झाकण घेऊन या, मागच्या वेळी दोन हरवले.