भाडं नंतर, आधी आडनाव



आपल्यापैकी बरेच जण उद्या पुणे, मुंबई, बंगळुरूला जाणार. तिथं खोली बघायला गेलं की एजंट आधी आडनाव विचारतो, मग खाणंपिणं, आणि मग भाडं सांगतो. लोक म्हणतात, मार्केटच तसं आहे. पण मार्केट आपोआप तसं होत नाही. अहमदाबाद बघा.

१९७३ साली साबरमतीला पूर आला. पूरग्रस्तांसाठी जुहापुऱ्यात संकलितनगर वसवलं गेलं. तिथं हिंदू आणि मुसलमान दोघंही राहायला आले. पुढं दंगली होत गेल्या, तशी हिंदू कुटुंबं निघून गेली आणि शहरभरातली मुसलमान कुटुंबं आसऱ्याला इथं आली. २००२ नंतर तर हा ओघ आणखी वाढला.

भीतीच्या जोडीला कायदाही आहे. गुजरातच्या १९९१ च्या अशांत क्षेत्र कायद्यानुसार, जाहीर केलेल्या भागात घर विकायला जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. घाबरून कुणी मातीमोल भावानं घर विकू नये, हा हेतू. पण व्यवहारात दुसऱ्या धर्माच्या माणसाला घर विकणंच अवघड झालं. पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणसं राहतात त्या वडोदऱ्यातही काही भागांना हा कायदा लागू आहे.

२००५ मध्ये अहमदाबादच्याच एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं 'सभासद फक्त पारशी' हा पोटनियम मान्य केला. संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी यांचा उल्लेख आहे, राहत्या घरांचा नाही.

याचा हिशेब सरळ आहे. ज्याला दहा वस्त्यांची दारं बंद, त्याला उरलेल्या दोन वस्त्यांत मागतील ते भाडं द्यावं लागतं.

आपल्या माणसांजवळ राहावंसं वाटणं गैर नाही. अल्पसंख्याकांना त्याचा आधार असतो, हे सीमाभागात आपल्याला कुणी शिकवायला नको. पण आपण होऊन एकत्र राहणं वेगळं आणि दुसऱ्यानं हाकललं म्हणून एका कोपऱ्यात गोळा होणं वेगळं.

भाषेसाठी आपण कलम २९ आणि ३५०अ दाखवतो. त्याच संविधानाचं कलम १९ देशात कुठंही राहण्याचा हक्क देतं. तेही आपलंच आहे ना?

बेळगावात आपल्याही घरी खोली रिकामी असते. कन्नड, मुसलमान किंवा दलित विद्यार्थी विचारायला आला, तर त्याला काय सांगायचं, हे ठरवायला कुठलं कोर्ट लागत नाही. आज घरी गेल्यावर आईवडिलांशी एवढं बोला.