निरोपाचा हिशेब

काशी आणि महाराष्ट्र यांचे नाते सांगू लागले की काही नावे आपोआप ओठांवर येतात. १६७४ साली शिवछत्रपतींना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचे. १७८० च्या सुमारास विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले ते अहल्याबाई होळकरांनी. हिंदी वृत्तपत्रसृष्टीत 'आज' या दैनिकाचे संपादक म्हणून ज्यांचा अधिकार सर्वमान्य झाला ते बाबूराव विष्णु पराडकरही काशीतच जन्मलेले मराठी गृहस्थ. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या घाटांच्या माथ्यावरील अरुंद गल्ल्यांतून मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. या घरांचा इतिहास लिहिताना पंडितांची, पुरोहितांची, संपादकांची आणि दात्यांची नोंद होते. परंतु या घरांतील भांडी ज्यांनी घासली, दगडी जिन्यांवरून पाण्याच्या बादल्या ज्यांनी चढविल्या, बाळंतिणींची अंगे ज्यांनी रगडली, त्या स्त्रियांची नोंद कोठेच सापडत नाही. बनारसच्या बोलीत अशा स्त्रीला महरी म्हणतात. मराठी घरांत ती मोलकरीण. आणि थोड्या जिव्हाळ्याने बोलायचे झाले तर 'आमची बाई'.

अशी बाई वीस-बावीस वर्षांच्या सेवेनंतर एके दिवशी म्हणते, "आता मला सोडा." तेव्हा घराने काय करावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय घरगुती खरा. परंतु माणसाच्या न्यायबुद्धीची परीक्षा सभागृहापेक्षा स्वयंपाकघरात अधिक वेळा होते, हे विसरून चालणार नाही.

दुर्गाघाटाच्या गल्लीतील एखादे असे घर डोळ्यांसमोर आणावे. तीन मजले, उंच पायऱ्यांचा अंधारा जिना, मध्ये चौक. घरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माई एकट्या. मुलगा बंगळूरला, मुलगी पुण्याला. महरी चंदौलीकडच्या खेड्यातून नवऱ्याबरोबर शहरात आलेली. आता साठीच्या घरात. बावीस वर्षे ती हा जिना दिवसातून चार-पाच वेळा चढली-उतरली. माईंच्या पतीच्या अखेरच्या आजारात रात्री जागली. एके सकाळी ती भांडी पालथी घालते, पदराला हात पुसते आणि म्हणते, "माई, अब हमसे न होई." चारच शब्द, पण त्यांनी सगळे घर हादरते.

हादरलेले घर पहिल्या क्षणी जे बोलते, ते बहुधा चुकीचे असते. कोणी ताबडतोब पगार वाढवू पाहतो. जणू तिने सौदाच मांडला आहे. कोणी उपकारांची यादी वाचू लागतो: मुलीच्या लग्नात साडी दिली, नवऱ्याच्या औषधाला पैसे दिले, पावसात घर गळले तेव्हा पत्रे घेऊन दिले. कोणी संशय घेतो की शेजारच्या घराने तिला फोडले. कोणी अबोला धरतो. आणि सर्वांत सभ्य वाटणारी, पण सर्वांत घातक रीत ही, की तिला "दिवाळीपर्यंत थांब" म्हणावयाचे. दिवाळी झाली की संक्रांतीपर्यंत, आणि संक्रांत झाली की नातवाच्या मुंजीपर्यंत. या सर्व रीतींत एक गोष्ट समान आहे. बाई काय म्हणाली हे कोणीच ऐकलेले नसते. तिच्या जाण्याने आपले काय होणार, एवढेच प्रत्येकाने ऐकलेले असते.

याच वेळी एक वाक्य हटकून उच्चारले जाते: "अगं, तू तर घरचीच!" हे वाक्य खोटे असते असे नाही. वीस वर्षांच्या सहवासात माया जडते, आणि ती दोन्ही बाजूंना जडते. परंतु या वाक्याला दोन तोंडे आहेत. जेव्हा काम सांगावयाचे असते तेव्हा ती घरची. जेव्हा रजा, पगारवाढ किंवा म्हातारपणाची तरतूद यांचा प्रश्न येतो तेव्हा ती बाहेरची. घरच्या माणसाला आजारपणात कोणी पगार कापण्याची भीती घालीत नाही. घरच्या माणसाचा पेला वेगळा ठेवीत नाहीत. ज्या घरात ती खरोखर घरची मानली गेली असेल, त्या घरात तिला जाण्याची परवानगी मागताना चार रात्री झोप न लागण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राच्या संतपरंपरेत यासंबंधी एक अर्थपूर्ण कथा आहे. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपला ग्रंथ १५७३ मध्ये याच काशीत पूर्ण केला. पैठणला त्यांच्या घरी श्रीखंड्या नावाचा एक सेवक बारा वर्षे पाणी भरीत होता. तो प्रत्यक्ष भगवंत आहे हे घराला ठाऊक नव्हते. एक भक्त त्याला शोधीत आला, ओळख उघड होण्याची वेळ आली, आणि श्रीखंड्या नाहीसा झाला. ज्या रांजणात तो पाणी ओतीत असे, त्या रांजणाची नाथषष्ठीच्या उत्सवात आजही पूजा होते. भाविकाने या कथेचा अर्थ भक्तीच्या अंगाने घ्यावा हे योग्यच. परंतु संसारी माणसासाठीही तिच्यात एक बोध आहे. बारा वर्षे पाणी कोण भरीत होते हे घराला तो गेल्यावर कळले. आपल्याकडेही असेच घडते. बाई असते तोपर्यंत रांजण भरलेला दिसतो. बाई निघाली की पाणी भरणारीचे हात दिसतात. म्हणून तिच्या निघण्याचा क्षण हा रागाचा नसून ओळखीचा क्षण आहे.

मग पहिले काम कोणते? बसून ऐकणे. दारात उभ्याने नव्हे, पाहुण्यांदेखत नव्हे, हातात खरकटे भांडे असताना नव्हे. तिला बसावयास सांगावे आणि एकच प्रश्न विचारावा: "काय होतंय?" दीर्घ सेवेनंतर बाई काम सोडते त्याची कारणे साधारणतः चार प्रकारची असतात. पहिले शरीराचे: गुडघे, कंबर, डोळे. काशीच्या जुन्या पक्क्या महालातील उंच पायऱ्या साठीच्या गुडघ्यांना दया दाखवीत नाहीत. दुसरे तिच्या स्वतःच्या घराचे: सून बाळंत व्हावयाची असते, गावी जमिनीचा तुकडा असतो, सुरतेला गेलेला मुलगा बोलावीत असतो. तिसरे अधिक चांगल्या कामाचे. आणि अधिक चांगले काम शोधणे हा साहेबाचा जेवढा हक्क आहे तेवढाच मोलकरणीचाही आहे. चौथे कारण दुखावलेल्या मनाचे. केव्हातरी बोललेला एक शब्द, हरवलेल्या वाटीवरून घेतलेला एक संशय, तिच्या मनात वर्षभर रुतून बसलेला असतो. हे कारण ती आपण होऊन सांगणार नाही. ते असेल तर घराने क्षमा मागावी. मात्र ती थांबावी म्हणून मागू नये, चूक झाली म्हणून मागावी.

शरीराचे कारण असेल तर काम हलके करून पाहता येईल. वरचा मजला नको, धुणे नको, फक्त सकाळचा स्वयंपाक. पगार मात्र तोच. पण हा प्रस्ताव एकदाच मांडावा. तिने नाही म्हटले तर तो विषय तेथेच संपवावा. काम करण्याचा करार दोघांच्या संमतीचा असतो. काम सोडण्याला एकाचीच संमती पुरते. ही साधी गोष्ट मान्य केली नाही तर नोकरी आणि वेठबिगार यांत अंतर उरत नाही. कित्येक घरांत बाईने घेतलेली उचल अजून फिटलेली नसते, आणि "आधी पैसे फेड, मग जा" असे तिला ऐकवले जाते. कर्जापोटी माणसाला कामाला जखडून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे सुशिक्षित घरांनाही सांगावे लागते, ही खेदाची गोष्ट होय.

यानंतर हिशेब. मायेच्या माणसाशी हिशेब कसा करावा, असा संकोच येथे वाटतो, आणि या संकोचाचा तोटा नेहमी गरिबालाच होतो. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने कारखान्यांतील आणि मोठ्या दुकानांतील कामगारांसाठी एक माप घालून दिले: सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, आणि महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस धरावयाचे. हे बंधन घरांवर कधीच नव्हते. परंतु न्यायाचे माप म्हणून ते वापरण्यास कोणाची हरकत असणार? महरीचा पगार महिना ६,००० रुपये आणि सेवा बावीस वर्षांची असेल, तर या मापाने तिला सुमारे ७६,१५० रुपये यावेत. आकडा ऐकून पुष्कळांना धक्का बसेल. पण हाच आकडा एखाद्या कारकुनाच्या बाबतीत कोणालाही मोठा वाटत नाही. एकरकमी देणे न झेपले तर मुलांनी मिळून महिन्यामहिन्याने द्यावे. मात्र ते लिहून द्यावे, आणि रक्कम तिच्या स्वतःच्या बँकखात्यात भरावी.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ बायका आपली शिल्लक, क्वचित एखादा दागिनाही, विश्वासाने मालकिणीकडे ठेवतात. ती ठेव तिच्या मुलाच्या किंवा मुलीच्या समक्ष मोजून परत करावी. आधारकार्ड, पासबुक असे काही घरात राहिले असेल तर तेही द्यावे. उचल राहिली असेल तर तिचा आकडा स्पष्ट सांगावा, आणि शक्य तर ती सोडून द्यावी. निघणाऱ्या माणसाच्या मनात "माझे काही तिथे राहिले" ही शंका राहू नये.

या हिशेबाला आता घराच्या चौकटीबाहेरचाही आधार मिळू लागला आहे. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली; पगार, रजा आणि दिवाळीचा बोनस हे शब्द तेव्हापासून मध्यमवर्गीय ओसरीवर ऐकू येऊ लागले. महाराष्ट्राने २००८ च्या कायद्यान्वये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाची तरतूद केली. १६ जून २०११ रोजी जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसंबंधीचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्याकरिता समिती नेमण्यास केंद्र सरकारला सांगितले. कायदा यथाकाल येईल. पण ज्या घराने कायद्याची वाट पाहिली नाही, त्या घराचे शील निराळेच.

येथे कोणी म्हणेल, हे सर्व ठीक. पण त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माईंचे काय? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळता येणार नाही. वस्तुतः येथे दोन वृद्ध स्त्रिया एकमेकींच्या आधाराने उभ्या आहेत. एक गेली तर दुसरीला रात्री पाणी कोण देणार? परंतु माईंच्या म्हातारपणाची जबाबदारी महरीच्या गुडघ्यांवर टाकता येत नाही. ती बंगळूरच्या मुलाची आणि पुण्याच्या मुलीची आहे. इतकी वर्षे ती दोघे निश्चिंत होती, कारण तिसरीच कोणी त्यांची जागा चालवीत होती. तिने काम सोडण्याचे म्हटले, त्या दिवशी मुलांचे कर्तव्य त्यांच्या दारी परत आले, इतकेच. त्यांनी महरीला फोन करून गळ घालू नये, स्वतः यावे. महिना-दोन महिन्यांची मुदत मागणे यात गैर काही नाही; मात्र तारीख ठरवावी आणि ती पाळावी. त्या अवधीत नवी व्यवस्था लावावी. माईंची औषधे कोणती, कोणत्या पायरीवर त्यांचा तोल जातो, रात्री दिवा कोठे ठेवावा, हे ज्ञान महरीजवळच आहे. ते नव्या बाईला शिकविण्याची विनंती करावी, आणि त्या शिकविण्याचे वेगळे मोल द्यावे.

एक विनंती मात्र कधीही करू नये. "तू जातेस तर सुनेला पाठव." हे वाक्य सहज निघते, आणि त्यात काही वावगे आहे असे बोलणाऱ्याच्या मनातही येत नाही. पण त्याचा अर्थ असा होतो की हे काम त्या घराण्याच्या कपाळी लिहिलेले आहे. आपला नातू आजोबांचीच नोकरी करील असे आपण धरून चालत नाही. मग महरीच्या सुनेने तीच भांडी घासावीत असे का धरावे? सून स्वतः काम मागत आली तर गोष्ट वेगळी. तिच्याशी नव्याने बोलणे करावे, नव्या पगाराने.

निरोपाचा दिवस साधा असावा, पण असावा. घरातील जी मुले तिच्या कडेवर वाढली त्यांना कळवावे; त्यांनी तिला निदान फोनवर तरी नमस्कार सांगावा. पाटावर बसवून तिला जेवू घालावे, आणि त्या दिवशीची भांडी दुसऱ्या कोणी घासावीत. साडी द्यावी ती नवी, बोहारणीसाठी काढून ठेवलेल्यांतली नव्हे. ती विधवा असेल तर ओटीच्या शास्त्रावर अडू नये. नारळ आणि साडी हातात देण्यास कोणत्याही शास्त्राची आडकाठी नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून तिला पाहुणी समजावे. ती सहज भेटीस आली असता "आलीच आहेस तर जरा एवढं—" हे अर्धे वाक्यही तोंडातून निघू देऊ नये.

घर कोणाला कसे बोलावते, यावरून त्याची गरज कळते. कोणाला कसे निरोप देते, यावरून त्याचे मन कळते. बावीस वर्षांचे ऋण पैशाने फिटत नाही हे खरे. पण पैशाने जेवढे फिटते तेवढे आधी फेडावे. उरलेल्यासाठी कृतज्ञ राहण्याचा अधिकार त्यानंतरच आपल्याला मिळतो.