सबबीची पुस्तके

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घराला रंग द्यायचे ठरले आणि माझे एक जुने बिंग फुटले. रंगारी म्हणाला, "साहेब, आधी भिंती मोकळ्या करून द्या." आमच्या घरात भिंती मोकळ्या करायच्या म्हणजे पुस्तकांची कपाटे रिकामी करायची. दोन दिवस घरातली सारी माणसे पुस्तके उचलून गच्चीच्या जिन्यात रचत होती. माझ्या धाकट्या मुलीला हिशेबाची भारी हौस. तिने प्रत्येक गठ्ठ्यावर आकडा घातला आणि संध्याकाळी बेरीज वाचून दाखवली: १,३६० पुस्तके.

मी मनातून सुखावलो. ऊर भरून येणे म्हणतात ना, तसे काहीसे झाले. पण मुलगी तेवढ्यावर थांबणारी नव्हती. तिने विचारले, "बाबा, यांतली वाचून झालेली किती?"

हा प्रश्न पुस्तकवेड्या माणसाला कोणी विचारू नये. आपण पगार विचारत नाही, तसाच हाही विचारू नये. पण विचारला गेला, आणि उत्तर देणे भाग पडले. दुसऱ्या दिवशी पुस्तके परत लावताना मी प्रामाणिकपणे तीन ढीग केले. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेली ५१०. मधून मधून, गरजेपुरती पाहिलेली ३००. आणि आणल्या दिवसापासून तशीच उभी असलेली ५५०.

परीक्षा, उत्तरपत्रिका, सभा आणि लग्नकार्ये सांभाळून माझी वर्षाला पंचवीस पुस्तके वाचून होतात. म्हणजे ही ५५० संपवायला बावीस वर्षे हवीत. मी आज सेहेचाळीस वर्षांचा आहे. अडुसष्टाव्या वर्षी मी कर्जमुक्त होईन, पण तोवर एकही नवे पुस्तक घेतले नाही तरच. आणि गेल्या वर्षी मी घेतलेली पुस्तके होती ६१! पंचवीस फेडायची आणि एकसष्ट नवी उचलायची, असा हा व्यवहार. सावकाराच्या चोपड्यातसुद्धा याहून सरळ हिशेब असेल. मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेली पुस्तके तर मी मोजलीच नाहीत. त्यांना जागा लागत नाही आणि घरी ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत, एवढाच त्यांचा विशेष.

आता तुम्ही म्हणाल, न वाचलेले पुस्तक म्हणजे काही पाप नव्हे. खरे आहे. कोश कोणी कादंबरीसारखा वाचत नाही. माझ्या मते घरातल्या पुस्तकांच्या तीन जाती असतात. काही संदर्भाची, काही सोबतीची आणि काही सबबीची. पहिल्या दोन जाती ओळखायला सोप्या. तिसरी ओळखायला मला बरीच वर्षे लागली. ती कशी ओळखली, ते सांगण्यासाठी गेल्या वर्षभरात आणलेल्या पुस्तकांपैकी चार पुढे काढतो.

पहिले मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. कॅप्टन मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने जॉर्ज आणि टॉमस कँडी या बंधूंच्या साह्याने आणि इथल्या शास्त्र्यांना हाताशी धरून हा कोश केला. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. दुसरीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. ग्रंथांतले शब्द तर त्यात आहेतच, पण शेतातले, बाजारातले, माजघरातले आणि शिवीगाळीतलेही आहेत. पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने १९७५ मध्ये त्याचे पुनर्मुद्रण केले. त्याची एक प्रत मला अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाली. बांधणी खिळखिळी झालेली होती, पण पाने शाबूत होती.

दुसरे त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा'. हे १९१५ चे पुस्तक. वतनदार, कारू-नारू, फिरस्ते या सगळ्यांसह खेडे चालते कसे आणि अडते कुठे, हे सरकारी नोकरीत राहून डोळसपणे पाहिलेल्या माणसाने लिहिले. त्यांच्या सगळ्याच मतांशी आज आपण सहमत होणार नाही, पण त्यांनी टिपलेला तपशील दुसरीकडे सहसा सापडत नाही.

तिसरा केतकरांच्या ज्ञानकोशाचा एक सुटा खंड. तेवीस खंडांतला एकच, म्हणजे बावीस भावंडांपासून ताटातूट झालेला. म्हणून दोनशे रुपयांत मिळाला.

चौथे लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. ते माझ्याकडे होते, पण कोणीतरी वाचायला म्हणून नेले. नेणाऱ्याचे नाव मला आठवत नाही, आणि त्यालाही माझे आठवत नसावे. म्हणून पुन्हा घेतले.

ही चारही पुस्तके चांगली आहेत, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो मी ती का घेतली याचा.

गेली अकरा वर्षे मी एक पुस्तक लिहितो आहे. 'लिहितो आहे' हा आपला म्हणायचा प्रकार. विषय असा की, शेतीची जुनी अवजारे आणि कामे गेली, त्यांच्याबरोबर मराठीतले कोणते शब्द गेले आणि कोणते रूप पालटून मागे उरले. याची सुरुवात २०१४ च्या दिवाळीत झाली. आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात आहे. तिथे माझे चुलत आजोबा होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. त्या सकाळी वर्तमानपत्रातल्या एका अपघाताच्या बातमीत नेहमीची शब्दयोजना होती, 'रक्ताच्या थारोळ्यात'. मी ओसरीवर ती बातमी मोठ्याने वाचत होतो. आबा एकदम हसले. म्हणाले, "आरं, थारोळं म्हंजी काय ठावं हाय का तुला?"

मी मराठी शिकवतो. पण मला ठाऊक नव्हते. थारोळे रक्ताचेच असते, अशी माझीही समजूत होती.

मग आबांनी मला परसातल्या पडक्या विहिरीवर नेले आणि काठीने दाखवत सांगितले. मोट ही चामड्याची, तिला दोन तोंडे. वरचे रुंद आणि खालचे सोंडेसारखे निमुळते. वरच्या तोंडाला बांधायचा तो जाड दोर म्हणजे नाडा. सोंडेला बांधायची ती बारीक दोरी म्हणजे सोंदूर. बैल उतारावरून खाली जायचे, त्या वाटेचे नाव धाव. बैल धावेवरून उतरले की भरलेली मोट वर यायची. तोवर सोंदुराने सोंड वर ओढून धरलेली असायची, म्हणून पाणी सांडायचे नाही. मोट काठाशी आली की सोंड पुढे पडायची आणि भळाभळा पाणी ओतले जायचे. ते ज्या दगडी जागेत पडायचे, ते थारोळे. तिथून पाटात, पाटातून पिकात.

म्हणजे थारोळे ही शेतकऱ्याच्या लेखी समाधानाने पाहण्याची जागा होती. मोटा बंद पडल्या, इंजिने आली, मग विजेचे पंप आले. विहिरीवरून थारोळे नाहीसे झाले, पण भाषेत तेवढा शब्द मागे राहिला आणि त्याच्या वाट्याला पाण्याऐवजी रक्त आले. घरी येऊन मी कोश पाहिला. अर्थ आबांनी सांगितला तोच निघाला.

त्या एका दुपारी आबांनी मला सदतीस शब्द दिले. मी ते एका शंभर पानी वहीत उतरवून घेतले. निघताना ते म्हणाले, "फुडल्या खेपंला ये. बैलांच्या रंगाची, शिंगांची नावं सांगतो. लई हायेत." मी हो म्हटले.

आणि मग मी काय केले? मी पुस्तके घेऊ लागलो. विषय गंभीर आहे, तयारी नको का? कोशरचनेवरचे पुस्तक घेतले. बोलीभाषांवरची घेतली. कृषिसंस्कृतीवरची घेतली. प्रत्येक पुस्तक घरी आणताना वाटे, आपण कामाला लागलो आहोत. एक घेतले की त्याच्या शेवटी दिलेली दहा नावे दिसत. ती मिळवल्याशिवाय लिहिणे म्हणजे घाई, असे मी स्वतःला समजावत असे. दर वर्षी दिवाळीत गावी जात होतो. पण वेळ थोडा, पाहुणे फार. आबा ओसरीवर बसलेले असत. "काय, वही आणलीस का?" असे एकदोनदा त्यांनी विचारलेही. मी म्हटले, "आबा, आधी थोडं वाचून घेतो."

२०१९ मध्ये आबा गेले. बैलांच्या शिंगांची नावे त्यांच्याबरोबर गेली. माझ्या वहीत सदतीस शब्दच राहिले, आणि त्यापुढे पंचाण्णव कोरी पाने.

हे सारे मला रंगाच्या त्या दिवसांत, न वाचलेल्या ५५० पुस्तकांच्या ढिगापुढे बसलो असताना उमगले. त्यांतली शंभरएक पुस्तके तरी याच विषयाची होती. मी ती वाचण्यासाठी घेतलीच नव्हती. लिहिणे पुढे ढकलण्यासाठी घेतली होती. तीच ही सबबीची पुस्तके. आळशी माणसाची सबब लगेच ओळखू येते. अभ्यासू माणसाची सबब कपाटात मांडलेली असते आणि पाहुणे तिचे कौतुक करतात, म्हणून ती लवकर ध्यानात येत नाही.

मग त्या चार पुस्तकांकडे मी पुन्हा पाहिले. आता ती मला निराळेच काही सांगू लागली. मोल्सवर्थपुढे कोशांची कपाटे नव्हती. त्याने बोलणाऱ्या माणसांकडून शब्द गोळा करवले. आत्र्यांनी नोकरी सांभाळून लिहिले. माझ्यासारखी दिवाळीची सुटी अपुरी पडते अशी तक्रार त्यांच्या पुस्तकात दिसत नाही. केतकरांनी तर मंडळी जमवून, वर्गणीदार मिळवून, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत तेवीस खंडांचे काम तडीस नेले. ते १८८४ चे. म्हणजे ते काम संपले तेव्हा त्यांचे वय जवळजवळ माझ्या आजच्या वयाइतकेच होते. आणि लक्ष्मीबाई? त्यांना शाळेचे शिक्षण नव्हते. लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. पण जे त्यांनी पाहिले आणि सोसले ते दुसरे कोणी सांगू शकणार नव्हते, आणि ते त्यांनी सांगितले. १९३४ ते १९३६ या काळात 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपाने आली, आणि १९३६ मध्येच त्या गेल्या. आणखी थोडी तयारी करू, असे त्या म्हणाल्या असत्या तर आपल्या हाती काय राहिले असते?

म्हणून मी आता माझ्या वाचनाची रीत थोडी बदलली आहे. पहाटे पाच ते सहा ही माझी वाचनाची वेळ. ती तशीच ठेवली आहे, पण पहिली वीस मिनिटे लिहिण्याची. वाचताना पेन्सिल हाती असतेच. जे टिपायचे त्याचा पृष्ठांक मी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर घालतो. पूर्वी ते आकडे तिथेच पडून राहत. आता आठवड्याच्या शेवटी ते वहीत उतरवल्याशिवाय दुसरे पुस्तक उघडत नाही. पुस्तक घ्यायचे नाही, अशी शपथ मी घेतलेली नाही. असल्या शपथा टिकत नाहीत हे सर्वांना माहीत आहे. एकच नियम केला आहे: एक पुस्तक घरात आणायचे, तर आधी स्वतःचे एक पान लिहून झालेले असावे. गणेशचतुर्थीपासून आजवर अकरा पाने झाली. पुस्तके मात्र नऊच आणली. दोन पाने माझी शिल्लक आहेत, हे मी अभिमानाने सांगतो.

आणि गावी आबांच्या धाकट्या बहीण आहेत. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. वय चौऱ्याऐंशी. ऐकू कमी येते, पण आठवण पक्की आहे. बैलांची शिंगे त्यांना तितकीशी ठाऊक नाहीत. पण जाते, उखळ, चूल, गोठा, दूधदुभते यांची सारी भाषा त्यांच्या जिभेवर आहे. परवा त्यांना फोन केला. म्हटले, "आक्का, येत्या रविवारी येतो. वही घेऊन येतो." त्या म्हणाल्या, "ये की. पर लवकर ये. दुपारी माजा डोळा लागतो."

तुमच्याही घरी किंवा गावी कोणी आक्का, कोणी आबा असतील. त्यांच्याजवळ तासभर बसायला कुठल्याही पूर्वतयारीची गरज नाही. एक वही आणि एक पेन पुरे. शब्द जमले की मग कोश उघडावा. तेव्हाच तो खरा उपयोगी पडतो.

रविवारी मी पहाटेच्या गाडीने निघणार आहे. गावाहून माझ्या महाविद्यालयाच्या गावी परतताना गाडी पुण्यात बदलावी लागते, आणि मध्ये दोन तास मोकळे मिळतात. अप्पा बळवंत चौक तिथून फार लांब नाही. पण हे अजून मी घरी सांगितलेले नाही.