झोपेसाठी व्यायाम: नुसता सल्ला नको, मात्रा हवी



‘रात्री झोप लागत नाही’ ही वृद्धांची तक्रार ज्येष्ठांवर उपचार करणाऱ्या आपल्यासारख्यांकडे रोज येते आणि तिला दोन ठरलेली उत्तरे मिळतात: ‘वय झालं, आता असंच चालायचं’, नाहीतर झोपेची गोळी. रुग्ण दाराशी पोचल्यावर ‘थोडं फिरत जा’ एवढेही आपण सांगतो, पण ते निरोपादाखल. माझे म्हणणे असे की व्यायाम हा वृद्धांच्या झोपेवरचा उपचार आहे आणि कोणत्याही उपचारासारखी त्याला मात्रा, मुदत आणि पाठपुरावा लागतो. हे तिन्ही आपण देत नाही आणि मग गुण आला नाही म्हणून व्यायामालाच बोल लावतो.

वयाबरोबर गाढ झोप घटते, रात्री जाग अधिक येते, हे खरेच. पण जे घटले त्यातले काही परत मिळवता येते. १९९७ मध्ये स्टॅनफर्डच्या अ‍ॅबी किंग आणि सहकाऱ्यांनी ५० ते ७६ वयाच्या, बैठ्या सवयीच्या आणि झोपेची तक्रार असलेल्या ४३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यायामाच्या गटाने आठवड्यातून चारदा ३० ते ४० मिनिटे भरभर चालणे किंवा हलका एरोबिक व्यायाम केला. १६ आठवड्यांनी त्यांना झोप लागायला लागणारा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला. आपल्याच देशात, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मंजुनाथ आणि तेलस यांच्या अभ्यासात वृद्धाश्रमातील ६९ जण होते. त्यांतील योग करणाऱ्यांना सहा महिन्यांनंतर सुमारे दहा मिनिटे लवकर झोप लागू लागली आणि एकूण झोप तासाभराने वाढली.

या आकड्यांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती मुदत: एकीकडे १६ आठवडे, दुसरीकडे सहा महिने. २०१३ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी निद्रानाशाच्या रुग्णांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, तेव्हा व्यायाम केला त्याच रात्री झोप सुधारते असे दिसले नाही. उलट, वाईट झोपेनंतर दुसऱ्या दिवशीचा व्यायाम कमी झाला. म्हणजे ज्याला व्यायामाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच हातून तो आधी सुटतो. गोळीचा गुण मात्र पहिल्याच रात्री येतो. तिची किंमत नंतर कळते: तोल जाणे, पडणे, खुब्याचे हाड मोडणे, बुद्धीला येणारी झापड. बेंझोडायझेपिन गटातील गोळ्या वृद्धांना शक्यतो देऊ नयेत, असे अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीचे ‘बिअर्स निकष’ बजावतात. तरीही आठवड्यात फरक दिसला नाही की रुग्ण चालणे सोडतो, कारण फरक केव्हा दिसेल हे आपण त्याला सांगितलेलेच नसते.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की हे निष्कर्ष रुग्णांच्या सांगण्यावर उभे आहेत. तो पुष्कळसा रास्त आहे. मात्र २०२१ च्या हाँगकाँगमधील अभ्यासात निद्रानाश असलेल्या, साठीपुढच्या ३२० जणांची झोप मनगटावरच्या यंत्राने मोजली होती. ताई ची हा चिनी व्यायामप्रकार आणि नेहमीचा व्यायाम, दोन्हींनी तेथे गुण आला. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अमेरिकेतील ‘लाइफ’ या मोठ्या चाचणीत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांत व्यायामाने झोप बिघडण्याची शक्यता कमी केली, पण जिची घडी आधीच विसकटली होती ती झोप सुधारली नाही. यावरून मी एवढेच घेतो की वाट पाहत बसू नये. झोप पुरती बिघडण्याआधीच व्यायाम सुरू व्हावा. तिसरा आक्षेप आपल्या समाजातून येतो: शेतात किंवा घरोघरी धुण्याभांड्यांत दिवसभर राबणाऱ्या आजींना व्यायाम कशाला सांगायचा? सांगूच नये. वर उल्लेखलेला स्टॅनफर्डचा अभ्यास बैठ्या माणसांवरचा आहे. तो कष्टकऱ्यांना लावणे अन्यायाचे होईल. त्यांच्या झोपेआड येणारी गुडघेदुखी, घोरताना अडणारा श्वास (स्लीप अ‍ॅप्निया), रात्री वारंवार लघवीला उठणे किंवा घरची काळजी आधी पाहायला हवी. खरे तर ही चौकशी प्रत्येक रुग्णाचीच व्हावी, कारण स्लीप अ‍ॅप्नियात नुसत्या चालण्यावर भागत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. औषधाच्या चिठ्ठीवरच व्यायाम लिहा: कोणता, किती मिनिटे, आठवड्यातून किती दिवस. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण समोर आहेच: आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि तीन दिवस तोल व ताकद राखणारे प्रकार. सांधे आणि हृदय पाहून सुरुवात दहा मिनिटांनी झाली तरी चालेल. चार महिने धीर धरावा लागेल, हे पहिल्याच भेटीत सांगा आणि महिन्याभराने पुन्हा बोलवा. ज्येष्ठ नागरिक संघ गावोगावी आहेत. एकट्याने सुटणारा नेम सोबतीने टिकतो, तेव्हा त्यांना या कामात घ्या. आणि पुढच्या अधिवेशनाला येताना प्रत्येकाने आपल्या रुग्णांच्या १६ आठवड्यांच्या नोंदी आणाव्यात, गुण आला त्यांच्या आणि आला नाही त्यांच्याही. बहुतांशी परदेशी आकड्यांवर आपण आज चर्चा करतो आहोत; पुढच्या वर्षीची चर्चा आपल्या नोंदींवर व्हावी.