खुणांनी पोर मुकं होत नाही

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत समूहातील एका ताईंनी मांडलेले मनोगत)

बचत, हप्ते, व्याज हे आपलं दर महिन्याचं आहेच. आज अध्यक्ष ताईंनी मला दहा मिनिटं दिलीत, ती मी तान्ह्या लेकरांसाठी वापरते.

बाळाचा पहिला शब्द येतो साधारण वर्षाच्या आसपास. पण त्याला कळायला लागतं त्याच्या कितीतरी आधी. नऊ-दहा महिन्यांचं पोर टाटा करतं, बाप्पाला हात जोडतं, बाहेर जायचं असलं की दाराकडं झेपावतं. जीभ, ओठ, श्वास सगळं जुळवून शब्द काढणं अवघड, हात हलवणं त्यामानानं सोपं. म्हणून हात आधी बोलतात.

अमेरिकेत लिंडा ॲक्रेडोलो नावाच्या बाई मानसशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. त्यांची वर्षाची मुलगी फूल दिसलं की वास घेतल्यासारखं नाक करायची. तिचा तो ‘फूल’ हा शब्दच होता. मग त्यांनी सुसान गुडविन यांच्याबरोबर बाळांच्या खुणांचा अभ्यास केला, 1996 साली पुस्तक काढलं. पुढं तिकडं याचे पैसे भरून क्लास निघाले. आपल्याला क्लास नको गं बायांनो. वाटी रिकामी झाली की दोन्ही तळवे उलटे करून ‘संपलं’ म्हणायचं, हे आपल्या आज्या करतच होत्या.

सहा-सात महिन्यांपासून सुरू करा. दोन-तीनच खुणा घ्या. पाण्याला अंगठा ओठाकडं न्यायचा. ‘अजून’ला दोन्ही हातांची बोटं टोकाला टोक जुळवायची. ‘दुखतंय’ला दुखऱ्या जागी हात. खूण करताना शब्द तोंडानं बोलायचाच, आणि पाण्याची खूण पाणी देतानाच करायची. महिना-दोन महिने बाळ नुसतं बघेल. मग एक दिवस वाकडीतिकडी खूण करेल, तीच धरायची. ‘नीट कर’ म्हणून मागं लागायचं नाही.

याने पोर जास्त हुशार होतं असं कुणी सांगितलं तर लगेच भुलू नका. इंग्लंडमध्ये 40 बाळांचा अभ्यास झाला, तो 2013 साली छापून आला. खुणा शिकलेली बाळं बोलण्यात पुढंही गेली नाहीत नि मागंही पडली नाहीत. पण त्यांच्या आया बाळाच्या हालचालींकडं जास्त लक्ष द्यायला लागल्या होत्या. मला विचाराल तर तेवढं पुष्कळ झालं.

मागं पडत नाहीत, हे मी मुद्दाम सांगते. कारण माझ्या घरात याच भीतीनं घात केला.

थोरलीला मी खुणा केल्या, ती वेळेवर बोलली. धाकटा दीड वर्षाचा झाला तरी एक शब्द नाही. खुणा मात्र भराभर. सासूबाई म्हणाल्या, “तू हातवारे शिकवलेस, म्हणून पोर तोंड उघडत नाही.” मी हात आवरले. आठ-नऊ महिने एक खूण केली नाही. तो अंगठा ओठाला लावून पाणी मागायचा आणि मी पेला मागं धरून म्हणायची, “तोंडानं बोल.” तो रडून रडून झोपायचा. एका डॉक्टरांनीही सांगितलं, मुलगे उशिरा बोलतात, थांबा.

टाळी वाजवली की तो वळायचा, म्हणून ऐकू येतंय असंच आम्ही धरून चाललो. खरं तर त्याला हात हललेला दिसायचा. पुढं अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं. त्यातल्या मॅडमनी त्याच्या पाठीमागं उभं राहून ताटलीवर चमचा वाजवला. तो खेळतच राहिला. जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली. दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. तिथल्या कान तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, “खुणा बंद का केल्या? तेवढीच तर त्याची भाषा होती.” सासूबाई शेजारीच होत्या. घरी आल्यावर त्यांनीच पहिल्यांदा त्याला पाण्याची खूण केली.

आज तो श्रवणयंत्र लावतो, शाळेत भारतीय सांकेतिक भाषा शिकतो. आपल्या घरगुती खुणा म्हणजे मोजके शब्द; ती मात्र व्याकरण असलेली पुरी भाषा आहे. दिल्लीच्या सरकारी केंद्रानं तिचा 10,000 शब्दांचा कोश केलाय. मी त्याच्याकडूनच शिकते, आणि चुकले की तो हसतो.

आता घरी गेल्यावर एवढं बघा. सहा महिन्यांचं बाळ पाठीमागच्या आवाजाकडं वळतं का? वर्षाचं बाळ नुसत्या हाकेला बघतं का? आवाज त्याला न दिसेल असा काढा. शंका आली तर थांबू नका, कान जन्मल्या जन्मल्याही तपासता येतात. अंगणवाडीत हे पथक वर्षातून दोनदा येतं. तारीख सेविका ताईंना विचारा आणि त्या दिवशी मजुरी बुडाली तरी लेकराला घेऊन जा. सोबत लागली तर मला निरोप द्या, मी येते.