अभय घ्यावे, अभय द्यावे

(गुडीहत्नूर येथे गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समोरच्या बाप्पाच्या उजव्या हाताकडे एकदा पाहा. तळवा आपल्याकडे वळलेला आहे. ही अभयमुद्रा. आरतीला आपण रोज उभे राहतो, पण या हाताकडे आपले लक्ष फारसे जात नाही.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुण सांगितले आहेत, त्यांत पहिला गुण अभय. सत्य, दया, क्षमा हे सारे नंतर. कारण उघड आहे. भ्यालेल्या माणसाला खरे बोलणे जड जाते, आणि दया करायची तर मनात धीर लागतो.

मग भय जाते कसे? ‘भिऊ नकोस’ असे सांगून ते जात नाही. बृहदारण्यक उपनिषदात एक गोष्ट आहे. आरंभी एकच पुरुष होता. एकटा होता, म्हणून तो भ्याला. मग त्याने विचार केला, माझ्याशिवाय दुसरे कोणीच नाही, तर मी भितो कोणाला? आणि त्याचे भय गेले. आदिपुरुषसुद्धा भ्याला, हे ऋषींनी लपवले नाही. भय वाटणे हे पाप नव्हे. त्याच्याकडे वळून न पाहणे, ही आपली चूक.

ही शिकवण पोथीतच राहिली नाही. आपला आदिलाबाद जिल्हा निजाम राज्यात होता आणि 1956 पर्यंत किनवट, राजुराही याच जिल्ह्यात होते, हे येथील जुन्या घरांना ठाऊक आहे. त्या राज्यातल्या लढ्याचे पुढारीपण केले ते एका संन्याशाने. स्वामी रामानंद तीर्थ, पूर्वाश्रमीचे व्यंकटेश खेडगीकर. हिप्परगा आणि अंबाजोगाई येथे ते शिक्षक होते. 1938 च्या सत्याग्रहापासून त्यांनी वारंवार तुरुंगवास सोसला. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान मुक्त झाले, तेव्हाही ते तुरुंगातच होते.

संन्यास घेताना सर्व प्राणिमात्रांना अभय द्यावे लागते. माझ्यापासून कोणालाही भय नसो, असा तो संकल्प. मला यात फार मोठा अर्थ दिसतो. अभय दोन बाजूंचे असते. मी भिऊ नये, आणि मला कोणी भिऊ नये.

आता घरातली गोष्ट सांगतो. एका वर्षी पावसाने माझी कपाशी गेली. सावकाराचे देणे मी दोन वर्षे बायकोपासून लपवले. रात्री झोप लागत नसे. दारात गाडी थांबली की छातीत धडधडे. शेवटी एका रात्री तिला सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आधी आकडा कागदावर लिहा.” कर्ज तेवढेच राहिले, पण त्या रात्री मी झोपलो. उपनिषदातला पुरुष एकटा होता म्हणून भ्याला. मी तर भरल्या घरात एकटा झालो होतो.

त्यानंतर दुसरा प्रश्न मनात आला. माझ्या घरात मला कोण भिते? मुलगा गुणपत्रिका लपवत होता, ती माझ्याच भीतीने. त्या दिवशी कळले, नामस्मरण मी करत होतो, पण अभय कोणाला देत नव्हतो.

म्हणून आपल्याला एवढेच सुचवतो. रात्री देवापुढे दिवा लावल्यावर पाच मिनिटे शांत बसा. ज्याची भीती वाटते त्याचे नाव मनात स्पष्ट घ्या. ते घरच्या एका माणसाला सांगा. आणि आपल्याला जो भितो, त्याच्याशी दोन शब्द मऊ बोला. आपल्या कपाशीच्या या भागात देण्याच्या धास्तीने माणसे जिवाला मुकली आहेत. शेजारी गप्प गप्प दिसला तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. तेही पूजनच आहे.

अनंत चतुर्दशीला मूर्ती पाण्यात जाईल. तो उचललेला हात मात्र आपण घरी घेऊन जाऊ या.

गणपती बाप्पा मोरया!