टिफ्टीच्या गिरणीवरची ॲनी

स्कॉटलंडच्या ॲबर्डीनशायरमध्ये फायव्ही गाव आहे. तिथल्या टिफ्टीच्या गिरणीवाल्याची लेक ॲनी हिचा जीव सरदाराच्या तुतारीवाल्यावर, अँड्र्यू लॅमीवर जडला. पैसेवाल्या घराला हा जावई कमीपणाचा वाटला. अँड्र्यू एडिंबरोला गेला, आणि इकडे घरातच मारहाण सुरू झाली. शेवटी सख्ख्या भावानं तिची पाठ मोडली. ॲनी गेली.

ही गोष्ट सांगणारं कथागीत फ्रान्सिस चाइल्ड यांच्या प्रसिद्ध संग्रहात 233 व्या क्रमांकावर आहे. फायव्हीच्या दफनभूमीत ॲग्नेस स्मिथ या नावानं ॲनीची कबर दाखवतात. कबरीवरचं साल 1673. मला हे गीत मोलाचं वाटतं, कारण ते कुणालाच पाठीशी घालत नाही. बाप, आई, भाऊ, प्रत्येकाचा हात त्यात स्पष्ट दिसतो.